वीतभर पाण्याचा दाब

शेगडीपर्यंत येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब आपल्याकडे २१ मिलिबार धरलेला आहे. नुसता आकडा वाचून काही बोध होत नाही. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तिच्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरावे, एक टोक गॅसच्या नळीला जोडावे, दुसरे उघडे ठेवावे. एका बाजूचे पाणी खाली जाते, दुसऱ्या बाजूचे वर चढते. दोन्ही पातळ्यांमध्ये साधारण २१ सेंटिमीटरचा फरक पडतो. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत एक वीत, त्याहून जरासा कमीच. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून आलेला गॅस हेच पाणी ३० सेंटिमीटर चढवतो, सव्वा वितीहून थोडे जास्त. घरातला सगळा स्वयंपाक या दोन मापांवर चालतो आणि ही दोन मापे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. या टिपणांमध्ये पुन्हा पुन्हा तेच सांगायचे आहे.

*

पाइपने येणारा हा नैसर्गिक वायू आपल्या गोव्यात पिकत नाही. दाभोळहून बंगळुरूकडे जाणारी गेल कंपनीची मोठी वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली, तिची शाखा गोव्यात आली. सांकवाळचा झुआरीचा खत कारखाना त्याच सुमारास नाफ्था सोडून या वायूवर गेला. घरांची पाळी नंतर आली. आज उत्तर गोव्यात घरोघरी वायू पोचवण्याचे काम गोवा नॅचरल गॅसकडे आहे, गेल गॅस आणि भारत पेट्रोलियम यांच्या भागीदारीतली ही कंपनी. दक्षिणेत हेच काम इंडियन ऑइल-अदानी गॅस करते. पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे तालुके उत्तरेच्या हद्दीत येतात.

मोठ्या वाहिनीतला दाब घरात आणता येत नाही, तो टप्प्याटप्प्याने उतरवावा लागतो. शहराभोवतीच्या पोलादी नळांमध्ये तो साधारण वीस-पंचवीस बार असतो. वस्तीजवळच्या नियमन केंद्रात तो ४ बारवर येतो आणि तिथून पुढे रस्त्याकडेला मीटरभर खोल पुरलेल्या प्लास्टिकच्या नळांतून धावतो. इमारतीच्या कुंपणाशी भिंतीवर एक पेटी असते, तिथे तो १०० मिलिबारच्या आसपास येतो. शेवटचा उतार आपल्या मीटरच्या शेजारी, २१ वर. चार बारपासून मोजले तरी शेगडीशी येईपर्यंत दाब जवळजवळ दोनशे भागांतला एक भाग उरतो.

घरमालकाने दाब निवडायचा म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या साखळीतच आहे. शेवटची कडी कंपनीने ठरवून दिलेली असते. आपल्या हातात राहते ते उपकरण, त्याचे जेट, आणि मीटरपासून ओट्यापर्यंतची नळी.

*

गणेश चवथीच्या आधीचे आठ दिवस मला सगळ्यात काळजीचे वाटतात.

आमच्याकडे दोन घरे असणे ही नवलाई नाही. नोकरीसाठी पर्वरी, म्हापसा किंवा पणजीत फ्लॅट असतो. मूळ घर मांद्र्याला, कोरगावला, मयेला किंवा लाटंबार्शाला. चवथीला सगळे गावच्या घरी जमतात. पंचवीस-तीस माणसांचा स्वयंपाक, एकीकडे नेवऱ्या तळायच्या, दुसरीकडे खतखते शिजतेय, पातोळ्या उकडायच्या. गावची शेगडी जुनी, एक बर्नर नीट पेटत नाही. मग कुणीतरी म्हणतो, फ्लॅटमधली चार बर्नरची आणूया, नाहीतरी ती आठवडाभर नुसती पडून राहणार. शेगडी गाडीच्या डिकीत चढते, गावी सिलिंडरला जोडली जाते आणि पेटते. पेटते म्हणूनच धोका कळत नाही.

फ्लॅटमध्ये पाइपचा गॅस आला तेव्हा कंपनीच्या माणसाने त्या शेगडीची जेट बदललेली असतात. जेट म्हणजे बटणामागचा पितळी तुकडा, मध्ये सुईच्या टोकाएवढे भोक. पाइपच्या गॅससाठी ते भोक मोठे असते. आता त्याच मोठ्या भोकातून सिलिंडरचा गॅस, आणि तोही सव्वा वितीच्या दाबाने, बाहेर पडतो. हिशेब केला तर उष्णता जवळजवळ दुप्पट होते. बर्नरला तेवढी हवा ओढता येत नाही. ज्योत लांब, पिवळी, लवलवती होते, पातेल्याच्या बुडाला काजळी धरते, डोळे चुरचुरतात. अर्धवट जळालेल्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. कौलारू घरात वरच्या फटींतून बरेचसे निघून जाते. पण आता गावच्या घरांवरही स्लॅब पडले आहेत आणि पावसासाठी खिडक्या लावून घेतलेल्या असतात.

उलटाही प्रकार होतो. गावची सिलिंडरची शेगडी कुणी फ्लॅटमधल्या पाइपला जोडतो. तिथे ज्योत निम्मी होते, झुळूक आली की विझते, आणि विझल्यावर गॅस वाहत राहतो. दूध उकळायला वेळ लागतो म्हणून माणसे वैतागतात, दाब कमी आहे म्हणतात. दाब बरोबर असतो, जेट चुकीचे असते.

शेगडी हलवायचीच असेल तर जेटसकट बदल करून घ्यावा, आणि तोही गॅस एजन्सीच्या किंवा कंपनीच्या माणसाकडून. शेगडीच्या खाली रंगाने लिहून ठेवावे: पाइप किंवा सिलिंडर. ज्याने लिहिले तो चवथीला नसला तरी अक्षरे असतात.

*

वरचा हिशेब इथे मांडून ठेवतो, कुणाला ताडून पाहायचा असेल तर.

भोकातून किती गॅस जाईल हे भोकाच्या क्षेत्रफळावर आणि दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असते, आणि गॅस जितका जड तितका तो सावकाश जातो. सिलिंडरचा गॅस नैसर्गिक वायूच्या सुमारे तिप्पट जड. पण घनमीटरमागे त्याची उष्णता अडीच-तीनपट. जडपणाने काही गमावतो, उष्णतेने बरेच कमावतो. दोन्ही मिळून एकाच भोकातून, एकाच दाबाला, तो नैसर्गिक वायूच्या सुमारे १.६ पट उष्णता देतो. वर दाब ३० विरुद्ध २१, त्याच्या गुणोत्तराचे वर्गमूळ १.२. गुणाकार १.९.

म्हणजे पाइपच्या गॅसवर तेवढीच आच हवी असेल तर भोकाचे क्षेत्रफळ १.९ पट आणि व्यास सुमारे १.४ पट लागतो. सिलिंडरचे जेट ०.६५ मिलिमीटरचे असेल तर पाइपचे ०.९० च्या आसपास. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्याला दिसतही नाही. म्हणून मिस्त्रीने सुईने किंवा बारीक ड्रिलने जुने जेट मोठे करून द्यावे हे मला मुळीच पटत नाही. कडा खडबडीत राहतात, भोक गोल राहत नाही, धार तिरपी जाते. नवी जेट मिळतात, ती फारशी महागही नसतात.

*

आमच्या काकींनी एकदा विचारले, "अरे, पाइप घेतल्यापासून पूर्वीसारखी आच लागत नाही. त्या फिटरला सांगून दाब थोडा वाढवून घेऊ? मीटरजवळ स्क्रू आहे म्हणतात."

"काकी, तो स्क्रू कुणालाही हात लावू देऊ नका."

त्यांना सांगितले ते इथे थोडे सविस्तर लिहितो. दाब २१ वरून थेट ३० वर नेला तरी आच वाढते फक्त पाचव्या हिश्श्याने, कारण वाढ वर्गमुळाने होते. पण तेवढ्यानेही ज्योत बर्नरवरून उचलली जाते, सूंऽऽ असा आवाज येतो, टोकाला ती थरथरते. घरात गीझर असेल तर त्याच्या आतल्या झडपेवरही तोच वाढीव दाब पडतो. रेग्युलेटरमध्ये जास्त दाबाला आपोआप बंद होणारी एक झडप असते, ती त्याच्या मूळ जुळणीवर बसवलेली असते. स्क्रू फिरवला की ते सगळे गणित सैल होते.

आच कमी वाटण्याची कारणे बहुतेक वेळा वेगळीच निघतात. बर्नरच्या भोकांत उतू गेलेल्या पेजेची खळ सुकलेली असते. रबरी नळी ओट्यामागे दुमडलेली असते. काकींकडे जेट बदलली होती, पण चार बर्नरपैकी दोनच. मोठ्या बर्नरचे जेट छोट्याला आणि छोट्याचे मोठ्याला बसवलेलेही मी पाहिले आहे.

*

उकड्या तांदळाची पेज ही शेगडीची खरी परीक्षा. मोठ्या आचेवर कोणतीही शेगडी चालते. पेज तासभर मंद राहायला हवी, ज्योत विझता कामा नये, भांड्याखालून ती आतही शिरता कामा नये. दाब खाली घसरला तर ज्योत बर्नरच्या आत जाऊन जेटपाशी जळू लागते, फट् असा आवाज होतो. नवी शेगडी घेताना सगळे मोठी ज्योत लावून बघतात. मी म्हणेन, बटण सगळ्यात खाली आणून पाच मिनिटे तिथेच उभे राहावे.

*

नळीच्या मापाचा विचार कुणी करत नाही, आणि घरातला दाब नेमका तिथेच हरवतो.

दोन बर्नर चालू असतील तर तासाला साधारण ०.४ घनमीटर वायू लागतो. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गीझर एकटाच सुमारे १.२ घनमीटर मागतो. सकाळी सातला आंघोळ आणि चहा-नाश्ता एकदमच चालतो, तेव्हा मागणी १.६. नुसत्या शेगडीच्या चौपट. नळीत होणारी दाबाची घट प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सोळापट. शेगडीच्या वेळी जी घट मोजतासुद्धा येत नव्हती ती आता दोन-तीन मिलिबार होऊ शकते. एकवीसमधले चार गेले तर आच दहा टक्क्यांनी उतरते. गीझरचे पाणी कोमट येऊ लागते ते तेव्हाच.

नळीचा आतला व्यास निम्मा केला की तेवढ्याच दाबघटीत वाहणारा वायू साडेपाच पटींहून अधिक कमी होतो. प्रत्येक कोपर, प्रत्येक कॉक म्हणजे आणखी काही हात नळी धरावी. म्हणून गीझर पुढे-मागे घ्यायचा विचार असेल तर नळी बसवतानाच तो सांगावा. दाब वाढवून ही कसर भरून काढता येत नाही. एक माप मोठी नळी टाकून येते, आणि ती आयुष्यभर पुरते.

*

अमेरिकेतल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. तिथे घरातला नेहमीचा दाब सात इंच पाणी, म्हणजे १७ मिलिबारच्या किंचित वर, आपल्याहून कमी. पण उपकरणे अवाढव्य. तळघरात घर तापवणारी भट्टी, टाकी नसलेला मोठा गीझर, कपडे वाळवण्याचे यंत्र, शेगडी, अंगणात ग्रिल. तो एक गीझरच तासाला पाच घनमीटरच्या वर वायू घेतो. सात इंचांवर एवढा वायू लांबवर न्यायचा तर नळ फार जाड लागतात. म्हणून तिथे कधीकधी घरभर चौरस इंचाला दोन पौंडांचा दाब, सुमारे १३८ मिलिबार, बारीक नळीतून फिरवतात आणि प्रत्येक उपकरणाजवळ रेग्युलेटर लावून तो उतरवतात. ती निवड त्यांच्या गरजेतून आली आहे. आपल्याकडे मीटरपासून ओटा दहा-पंधरा मीटरवर असतो. इथे घरात जास्त दाब खेळवायचे काही कारण मला दिसत नाही. ब्रिटनमध्येही घरातला दाब २१ मिलिबारच.

*

दाब ही गोष्ट पूर्वी वजनाने ठरत असे. मुंबईत १८६५ च्या ऑक्टोबरात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तो दगडी कोळशापासून काढलेला गॅस. लालबागच्या कारखान्यात तो पाण्यावर तरंगणाऱ्या अजस्र लोखंडी टाक्यांमध्ये साठवत. टाकीचे वजन भागिले तिच्या बुडाचे क्षेत्रफळ, तोच गॅसचा दाब. टाकी भरलेली असो की रिकामी होत आलेली, दाब जवळपास सारखाच.

खादी ग्रामोद्योगाच्या नमुन्याच्या गोबरगॅसमध्ये हेच तत्त्व आहे. डिचोली-सत्तरीकडे ज्यांच्या गोठ्यात गुरे आहेत त्यांना ती शेणाच्या विहिरीवर तरंगणारी टाकी ओळखीची असेल. तिचा दाब अवघा दहा सेंटिमीटर पाण्याइतका, वितीच्या निम्म्याहूनही कमी. वर वायूतला मोठा हिस्सा कार्बन डायऑक्साइड, जो जळत नाही. म्हणून गोबरगॅसच्या शेगडीचे जेट सगळ्यात मोठे असते. सिलिंडर, पाइप आणि गोबरगॅस या तीन शेगड्या शेजारी ठेवून त्यांची जेट उघडून पाहावीत. भोके चढत्या क्रमाने मोठी होत जातात.

*

उपकरणाच्या पाटीवर दाब लिहिलेला असतो, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या मापात. १ मिलिबार म्हणजे १०० पास्कल, आणि जवळपास १ सेंटिमीटर पाणी. गीझरवर २००० पास्कल लिहिले असेल तर ते २० मिलिबार, पाइपच्या गॅसचा. २८०० पास्कल म्हणजे २८ मिलिबार, सिलिंडरचा. काही पाट्यांवर ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असते. तिथे ३० दिसले तर सिलिंडर. दुकानात शेगडी पसंत पडण्याआधी ती उलटी करून पाटी वाचावी. "दोन्हीला चालते" असे दुकानदार म्हणाला तर दुसरा जेटचा संच खोक्यात आहे का ते विचारावे. गीझरच्या बाबतीत ते उत्तर मुळीच घेऊ नये. पाइपचा गीझर वेगळा, सिलिंडरचा वेगळा.

*

गीझरवरून आठवले. जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला असायची, पाणी तापवायच्या भाणाखाली लाकडे जळायची, धूर कौलांतून जायचा. आजच्या फ्लॅटमधले न्हाणीघर चार बाय सहाचे, काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी, तीही बंद. त्यात गॅसचा गीझर लावून दार लावून घेतले की आतली हवाच तो जाळतो. दाब बरोबर असो नसो, हे मरण ओढवून घेणे आहे. गीझर न्हाणीघराबाहेर, उघड्या गॅलरीत हवा. पावसाळ्यात गॅलरीला प्लास्टिक लावतात, तेही गीझरपाशी नको.

*

आपल्या हवेची म्हणून काही विशेष काळजी.

रेग्युलेटरच्या टोपीवर एक बारीक भोक असते. आतला पडदा वर-खाली व्हायचा तर त्यातून हवा आत-बाहेर जावी लागते. कुंभारीण माशीला घरटे करायला अशी भोके फार आवडतात. चिखलाने ते बंद झाले की दाब नीट राखला जात नाही. रेग्युलेटरवर डिस्टेंपरचा ब्रश फिरवणारा रंगारी हेच नुकसान करतो. रंगकाम काढले की आधी त्यावर पिशवी बांधावी, आणि काम संपल्यावर आठवणीने काढावी.

मोरजी, हरमल, केरी या किनाऱ्यावर खारी हवा लोखंडी नळीला दोन-तीन पावसांत गंज आणते, विशेषतः जिथे नळी जांभ्याच्या भिंतीला टेकते तिथे, कारण जांभा ओल धरून ठेवतो. नळी भिंतीपासून बोटभर दूर, क्लिपांवर असावी. गंजलेल्या जागी फक्त वरून रंग मारून भागत नाही.

*

नैसर्गिक वायू हवेहून हलका, म्हणून इमारतीत वर जाताना त्याचा दाब थोडा वाढतो, दर दहा मीटरला सुमारे अर्धा मिलिबार. पाच-सात मजल्यांच्या आपल्या इमारतींत हा फरक मनावर घ्यायचे कारण नाही. मुंबईच्या चाळीस मजली मनोऱ्यांत तो घ्यावा लागतो.

पण हलकेपणाचा दुसरा परिणाम प्रत्येक घराला लागू आहे. गळालेला पाइपचा गॅस छताशी जमतो, सिलिंडरचा जमिनीवर पसरतो. सिलिंडरच्या दिवसांत ओट्याखालच्या कपाटाला खाली जाळी ठेवायचे, ते बरोबरच होते. पाइप घेतल्यावर छतालगत एक उघडी फट हवी, काच न लावलेली. मोपाच्या विमानतळावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, पेडण्याच्या बाजूला नव्या इमारतींचे नकाशे वाढले. त्या नकाशांत स्वयंपाकघरात एसीची जागा दाखवलेली मी पाहिली आहे. छताजवळची जाळी मात्र क्वचितच दाखवतात.

*

दाब मोजायची वेळ. सगळे बंद असताना मोजला तर तो नेहमी छानच येतो, बहुधा एकवीसपेक्षा थोडा वरच. उपयोगाचा आकडा चालू असतानाचा. नवी जोडणी घेताना फिटरला सांगावे की सगळे बर्नर मोठे लावा, गीझर असेल तर तोही सुरू करा, आणि मग पाणी किती चढते ते दाखवा. बंद आणि चालू या दोन आकड्यांतला फरक दोन मिलिबारच्या आत असेल तर नळीचे माप ठीक. चार-पाचचा फरक पडला तर नळी अरुंद आहे किंवा कुठेतरी अडली आहे. फिटर जायच्या आधीच ते विचारावे. मोजण्यासाठी जो स्क्रू उघडला तो परत घट्ट केला की त्यावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना, तेही त्याच्यासमोर पाहावे.

आणि मॉड्युलर किचन करणाऱ्या सुताराला मीटरभोवती कपाट करू देऊ नये. बंद कॉकपर्यंत हात सरळ पोचला पाहिजे, डब्यांची रांग न हलवता.